स्टाइफचं जुनं ‘विट्टी’ घुबड: बटण नंतर, आधी भरण तपासा

जुन्या भरीव खेळण्यांच्या संग्रहात घुबड हवं असेल, तर जर्मनीच्या स्टाइफ कंपनीचं ‘विट्टी’ सगळ्यांत आधी घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९५० च्या दशकात आलेला हा नमुना १०, १४ आणि २२ सेंटिमीटर अशा उंचीत मिळतो. अंगाला मोहेरची लव, काचेचे मोठे हिरवे डोळे, फेल्टची (दाबून केलेल्या लोकरी कापडाची) चोच, फेल्टचेच पंजे आणि लवेवर फवाऱ्याने मारलेले तपकिरी ठिपके. कंपनीने तो बरीच वर्षं काढला, त्यामुळे नग भरपूर आहेत आणि समोर येईल तो घाईने उचलायची गरज नाही. हे परीक्षण मुख्यतः १४ सेंटिमीटरच्या नगाचं आहे आणि नागपुरात ठेवायच्या हिशेबाने लिहिलं आहे. थंड देशातल्या कपाटात साठ-सत्तर वर्षं सुखाने बसलेली वस्तू इथल्या मे महिन्यात आणि लगोलग येणाऱ्या पावसाळ्यात कशी वागते, याचं उत्तर परदेशी संग्राहकांच्या पुस्तकांत सापडत नाही.

खरेदी करणारे बहुतेक जण आधी कंपनीची खूण असलेलं धातूचं बटण शोधतात. बटण दिसलं की किंमत मान्य, नाही दिसलं की नग नापास. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. बटण मागाहून ठोकता येतं, लेबल शिवता येतं. पण घट्ट बसलेलं भरण, एका दिशेने वाहणारी लव आणि डोक्यात खोल ओढून बसवलेले डोळे ही कारागिरी कोणालाही मागाहून घालता येत नाही. विट्टीची सगळी किंमत तिथे आहे.

कंपनीची ओळख थोडक्यात. मार्गारेटे स्टाइफ यांचा जन्म १८४७ चा, दक्षिण जर्मनीतल्या गीएंगेन गावचा. लहानपणी पोलिओ झाल्याने त्या चाकाच्या खुर्चीत असत आणि शिवणकामावर पोट भरत. १८८० मध्ये त्यांनी फेल्टचा छोटा हत्ती टाचण्या खोचायला म्हणून विकायला काढला. मुलांनी तो खेळायला घेतला आणि धंद्याची दिशाच बदलली. नकला वाढल्या तेव्हा १९०४ पासून प्रत्येक प्राण्याच्या कानात धातूचं बटण बसवायला सुरुवात झाली. घुबडाला बाहेर दिसणारे कान नसतात, म्हणून विट्टीचं बटण पंखावर असतं. डोक्यावर बटण शोधून ‘नाही’ म्हणणाऱ्या विक्रेत्याच्या हातात कधी कधी चांगला नग असतो, हे ध्यानात ठेवा.

आता बांधणी. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीची लोकर. तिचा धागा लांब, गुळगुळीत आणि चकाकणारा असतो, आणि दाबल्यावर परत उभा राहतो. प्लश, म्हणजे लवेचं कापड, विणताना सुती पायाचे दोन थर समोरासमोर ठेवतात, मोहेरचे धागे या थरातून त्या थरात जात राहतात आणि मधून पातं फिरलं की लवेचे दोन तागे सुटे होतात. म्हणून विट्टीची लव बोटाने फाकली की खाली सुती विणीचे चौकोन दिसले पाहिजेत. खाली पातळ जाळीदार विणकाम किंवा रबरासारखा थर दिसला, तर कापड नंतरचं आहे.

कापणी लवेच्या दिशेने करावी लागते. साचा कापडाच्या उलट्या बाजूला ठेवून आखणी करतात आणि कातरीचं टोक फक्त पायाच्या कापडातून सरकवतात. लव कापली गेली तर शिवणीजवळ टक्कल दिसतं. डोकं, धड, पंख सगळीकडे लव वरून खाली वाहायला हवी. पंखावरून हात खाली फिरवला तर गुळगुळीत, वर फिरवला तर अडकल्यासारखा, असं चांगल्या नगात सगळीकडे सारखंच जाणवतं. एखादाच तुकडा उलटा वाहत असेल तर तिथे ठिगळ आहे, मग वरचा रंग कितीही जुळवलेला असो.

तुकडे उलट्या बाजूने शिवून पिशवीसारखे पलटतात. पलटल्यावर लवेचे केस टाक्यांत अडकून राहतात. ते सुईच्या टोकाने किंवा तारेच्या ब्रशने एकेक करून बाहेर ओढायचे असतात. हे काम वेळखाऊ आहे आणि नकला करणारे इथेच कंटाळतात. विट्टीच्या डोक्यावरची शिवण शोधायला लव फाकावी लागत असेल तर काम पक्कं. शिवणीची रेघ लांबूनच दिसत असेल तर शंका घ्यायला जागा आहे.

आणि मग भरण. नागपूरकराला हे समजावून सांगायला एक वाक्य पुरतं: विट्टीच्या पोटात तेच असतं जे कूलरच्या ताट्यांत असतं. लाकडाच्या ओंडक्यावरून काढलेले लांब, बारीक, कुरळे तंतू, म्हणजे वूडवूल. खेळण्यातलं वूडवूल कूलरच्या घासेपेक्षा पुष्कळ बारीक असतं, पण जात एकच. ते चिमूट चिमूट घेऊन लाकडी दांडीने ठासत जातात, आधी टोकांत आणि कोपऱ्यांत, मग मध्ये. डोकं सगळ्यांत कडक भरावं लागतं, कारण डोळ्यांना टेकायला पाया तिथेच मिळतो. मोठे गोळे एकदम कोंबले की मध्ये पोकळी राहते. वरून नग भरलेला दिसतो, पण काही वर्षांत ती जागा खचते आणि मान एका बाजूला कलते.

म्हणून हातात घेतल्यावर आम्ही आधी दाबून बघायला सांगतो. अंगठा पोटावर ठेवून हलका दाब द्या. बारीक करकर ऐकू आली आणि पोट जेमतेम आत गेलं, तर वूडवूल शाबूत आहे. बोट सहज आत जाऊन तिथेच खळगा राहिला, तर भरण बसलं आहे. दाबल्यावर पीठ चोळल्यासारखं लागलं आणि शिवणीतून पिवळसर भुकटी झडली, तर आत फोम आहे आणि तो कुजला आहे. १९६० नंतरच्या अनेक कंपन्यांच्या खेळण्यांत फोम येऊ लागला. तो उष्णतेने चुरा होतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्याचं आयुष्य आणखी घटतं. फोमचा नग कितीही देखणा असला तरी इथे घेऊ नये. दाबताना ओलसर, भुरीसारखा वास आला तरी नग परत ठेवा. वूडवूलला एकदा बुरशी धरली की सगळं बाहेर काढल्याशिवाय ती जात नाही.

मान फिरणारी असेल तर तिची तपासणी वेगळी. आत जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या, त्यांच्या बाहेरून धातूचे वॉशर आणि मधून दुपाखी पिन असते. पिनेची दोन्ही टोकं पक्कडीने वळवून घट्ट दाबलेली असतात. डोकं फिरवताना थोडा विरोध जाणवला पाहिजे. डोकं सैल डुगडुगत असेल तर पिन सरकली आहे किंवा दमटपणाने चकत्या मऊ पडल्या आहेत. खरखर झाली तर पिनेला गंज आहे. गंजलेली मान जोराने फिरवू नका. पिन तुटली की डोकं उसवूनच दुरुस्ती करावी लागते, आणि जुन्या सुती कापडाला ते सोसत नाही.

डोळे हा या घुबडाचा जीव आहे. खऱ्या घुबडांत हिरवे डोळे नसतात. नागपुरात जुन्या झाडांच्या ढोल्यांत राहणाऱ्या पिंगळ्याचे डोळे पिवळे, गव्हाणी घुबडाचे काळेभोर. विट्टीला हिरवे डोळे देण्याचं स्वातंत्र्य कंपनीने घेतलं आणि ते शोभलं. डोळा म्हणजे काचेचा पारदर्शक घुमट, आत काळी बाहुली आणि मागून दिलेला हिरवा रंग. मागे तारेची कडी असते. त्या कडीत मेण लावलेला मजबूत दोरा ओवून दोन्ही टोकं लांब सुईने डोक्यातून आरपार नेतात, मागे मानेजवळ काढतात, जोराने ओढतात आणि गाठ मारतात. ओढल्यामुळे डोळा लवेत थोडा रुततो, त्यातून घुबडाला ती रोखून बघणारी नजर येते.

काच ओळखायला नखाने टिचकी मारा, आवाज टणक येतो. गालाला लावलं तर काच गार लागते, प्लॅस्टिक लागत नाही. मग टॉर्च तिरका धरून डोळ्यात बघा. हिरव्यात काळे किंवा पारदर्शक डाग दिसले तर मागचा रंग ओलाव्याने सुटला आहे. हा दोष वाढत जातो आणि त्याला घरगुती उपाय नाही. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा, किंवा हिरव्याची छटा वेगळी असेल तर तो बदललेला आहे. डोळा हलत असेल तर घाबरू नका. तो आतला दोरा जीर्ण झाल्याचा परिणाम आहे, काच मूळचीच असते. असा नग कमी भावात मिळाला तर जरूर घ्यावा.

रंगकाम सगळ्यांत शेवटी होतं. हवेच्या दाबाने रंग फवारून ठिपके आणि छटा काढतात, आणि हे काम हाताने होत असल्याने दोन विट्टी कधीच अगदी सारखे नसतात. एकाची छाती दाट ठिपक्यांची, दुसऱ्याची जवळजवळ कोरी. रंग लवेच्या टोकांवरच बसतो, म्हणून सगळ्यांत आधी तोच उडतो. पंख उचलून आतली जागा बघा. तिथे मूळ रंग टिकलेला असतो, आणि बाहेरच्या रंगाशी ताडून पाहिला की नगाने किती ऊन खाल्लं ते कळतं. फिकट झालेला नग आम्ही दोषी मानत नाही, पुन्हा रंगवलेला मानतो. तान्ह्या पोळ्यातला पिढीजात लाकडी नंदी ताज्या ऑइलपेंटने रंगवला की जाणकार तोंड फिरवतात, तसंच इथेही आहे. पुन्हा रंगवलेल्या विट्टीत केस एकमेकांना चिकटलेले असतात आणि रंग टोकावर न थांबता मुळापर्यंत उतरलेला असतो.

कापड मोहेरच आहे का, हे बघायला शिवणीजवळचे दोन-तीन केस चिमट्याने उपटून बशीत जाळा. मोहेर केस जळाल्यासारखा वास देतो आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. विकत घेण्याआधी अर्थातच विचारून करा. दुसरी तपासणी नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याची. असा छोटा टॉर्च सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळतो. अंधारात जुनं मोहेर मंद राहतं, नवा पॉलिस्टर दोरा निळसर पांढरा चमकतो. एखादी शिवणच तेवढी चमकली तर तिथे दुरुस्ती झाली आहे. सगळंच अंग चमकलं तर नकली म्हणून लगेच फेकू नका, आजकालच्या कपडे धुण्याच्या पावडरीनेही तशी चमक येते. पण पावडरीने धुतलेला वूडवूलचा नग म्हणजे आत पाणी गेलेला नग, त्यामुळे भाव पाडून मागायला तेवढं कारण पुरेसं आहे.

बटणाकडे आता या. वय ठरवायला त्याचा उपयोग नक्की होतो. १९५० च्या सुमारास ठळक मोठ्या अक्षरांतलं बटण होतं. १९५२ च्या आसपासपासून वळणदार, उठावाची अक्षरं आली आणि ती १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत राहिली. त्यानंतर वळणदारच पण खोदलेली अक्षरं आली, साधारण १९७७ पर्यंत. पितळी रंगाचं मोठं बटण दिसलं तर नग त्याहूनही नंतरचा. विट्टीत बहुतेक वेळा उठावाचं किंवा खोदलेलं, असं पांढऱ्या धातूचं बटण सापडतं. बटणाखाली पिवळी पट्टी असते आणि तिच्यावर आकडे असतात. चार आकड्यांतला दुसरा आकडा कापड सांगतो, ३ म्हणजे मोहेर. शेवटचे दोन म्हणजे सेंटिमीटरमधली उंची. पट्टीवर १४ आणि फुटपट्टीवर १० भरत असेल तर पट्टी दुसऱ्या नगावरून आली आहे. छातीवर गोल कागदी लेबल असलं तर भाव चढतो. अस्वलाचा हसरा चेहरा असलेलं लेबल १९५३ ते १९७२ या काळातलं, लाल-पिवळं दुभंगलेलं त्यानंतरचं.

बटण मूळचं की नंतर ठोकलेलं, हे मागून कळतं. दोन टोकं कापडातून आत जाऊन वळलेली असतात. साठ वर्षांच्या बटणाभोवती थोडा काळसर किंवा गंजाचा डाग पडतोच आणि बटणाच्या कडेखालची लव दबून चपटी झालेली असते. बटण जुनं आणि भोवतालची लव ताजी उभी, असं असेल तर जोड संशयास्पद समजा. उलट बटण नाही, पण पंखावर दोन बारीक भोकं आणि डागाची गोल कड आहे, असा नग आम्ही निर्धास्त घेऊ, आणि तोही कमी भावात.

विट्टीच्या बरोबर स्टाइफचीच लोकरीच्या धाग्याची छोटी घुबडंही विक्रीला दिसतात. धागा गुंडाळून, बांधून, कातरून केलेली ही पाखरं १९३१ पासून निघाली. जुन्यांचे पाय धातूचे, नंतरच्यांचे प्लॅस्टिकचे. कातरकाम सुरेख आहे, जागाही कमी लागते. पण कसरीला, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीला, असा घास दुसरा नाही, आणि शोकेस घट्ट बंद होत नसेल तर नागपुरात ती घेऊ नयेत.

मागवण्याबद्दल. जुने नग मुख्यतः जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या विक्रेत्यांकडे आहेत. आपल्याकडे खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्के. वैयक्तिक पार्सलला कोणता दर लागेल ते कस्टम्सच्या वर्गीकरणावर ठरतं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती आहे, आणि १९६० च्या जर्मन घुबडावर ते असणं शक्य नाही. त्यामुळे कागदावर नुसतं ‘टॉय’ लिहिलेलं पार्सल अडकायचा धोका खरा आहे. विक्रेत्याला वर्णनात वापरलेली जुनी संग्राह्य वस्तू, अंदाजे वर्ष आणि खरी किंमत स्पष्ट लिहायला सांगा. किंमत कमी दाखवायला सांगू नका; अडकल्यावर विम्याचे पैसेही त्याच आकड्याने मिळतात. सगळ्यांत निर्धोक मार्ग म्हणजे येणाऱ्या नातेवाइकाच्या हातच्या सामानातून आणणं. १४ सेंटिमीटरचा नग छोट्या डब्यात मावतो. आत साधा पांढरा कागद चुरगळून घालावा. बुडबुड्यांचं प्लॅस्टिक थेट लवेला लागू देऊ नये. तापलं की त्याचे गोल ठसे लवेवर उठतात.

नागपुरात ठेवायचं म्हणजे मुख्य सांभाळ कूलरपासून. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. ती कोरडी हवा वूडवूलला एवढा त्रास देत नाही. त्रास होतो तो दुपारी कूलर सुरू करून घर दमट करायचं आणि सकाळी ते पुन्हा कोरडं व्हायचं, या रोजच्या चक्राने. वूडवूल ओलावा शोषतं, फुगतं, वाळून आकसतं, आणि दरवेळी शिवण थोडी ताणली जाते. पिनेला गंज लागतो, डोळ्यामागचा रंग सुटतो. कूलरच्या हवेच्या झोतात घुबड ठेवलं तर दोन-तीन उन्हाळ्यांत मान बिघडलेली दिसेल. घुबड कूलर नसलेल्या खोलीत, आतल्या भिंतीला लागून, काचेच्या बंद कपाटात ठेवावं. पश्चिमेची भिंत टाळा, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते.

पावसाळ्यात कपाटात आर्द्रता दाखवणारा छोटा काटा ठेवा आणि तो ४५ ते ५५ टक्क्यांत राखायचा प्रयत्न करा. सिलिका जेलच्या पुड्या उपयोगी पडतात. रंग बदलला की दाणे ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर तास-दीड तास तापवून पुन्हा वापरता येतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून माळ्यावर टाकणं हा सगळ्यांत वाईट उपाय. आतला ओलावा आतच राहतो आणि पत्र्याखाली किंवा गच्चीखाली तो उकडतो. कपाट नसेल तर खळ काढलेल्या मलमलीत गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा.

कसर आधी फेल्टला लागते, मग मोहेरला. म्हणून दर महिन्याला पंजे आणि चोच भिंगातून बघावी. वाळूच्या कणांसारखे बारीक दाणे किंवा रेशमी नळ्या दिसल्या तर कीड जिवंत आहे. नग झिप असलेल्या पिशवीत घालून हवा काढा, उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये १४ दिवस ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका. थंड अंगावर हवेतलं पाणी धरतं आणि तेच आपल्याला नको असतं. डांबरगोळ्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कापडात बांधून, घुबडाला न लागतील अशा ठेवा. कडुनिंबाचा पाला लवेत खुपसून ठेवायची पद्धत इथे नको, त्याचे हिरवट डाग फिकट मोहेरवरून निघत नाहीत.

धूळ काढायला व्हॅक्यूमच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा रबराने बांधून, सगळ्यांत कमी ओढीवर, लवेच्या दिशेने फिरवा. मळ असेल तर फक्त फेसाने पुसायचं. अर्धा लिटर गार पाण्यात अर्धा चमचा लोकरीचा सौम्य साबण घालून फेटा, पाणी राहू द्या आणि वरचा फेस पांढऱ्या फडक्यावर घ्या. आधी पंखाखाली कापसाच्या काडीने चाचणी करा. काडीला तपकिरी लागलं तर तिथेच थांबा. एका वेळी दोन-तीन सेंटिमीटर जागा, लवेच्या टोकांवरूनच, पायाचं कापड ओलं न करता. मग साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं दोनदा फिरवा आणि ड्रायरच्या गार हवेने वाळवा. उन्हात ठेवू नका, मार्चच्या सकाळचंही ऊन इथे कडक असतं. रिठा लोकरीला चालतो म्हणून तो वापरायचा मोह होतो, पण रिठ्याचं पाणी स्वतः तपकिरी असतं आणि फिकट छाती पिवळट करून सोडतं.

दुरुस्तीचं सामान शहरातच मिळतं. इतवारीत गादीच्या सामानात लांब सुई, चांभाराच्या सामानात मेणाचा दोरा. डोळा सैल असेल तर मानेमागची जुनी गाठ शोधून नवा दोरा त्याच वाटेने न्यावा, डोक्याची शिवण न उसवता. खळगा भरायचा असेल तर शिवणीचे दोन टाके सैल करून सावरीचा कापूस विणकामाच्या सुईने थोडा थोडा ढकलावा. तो हलका असतो आणि वूडवूलच्या फटींत नीट बसतो. कूलरची घास मात्र घालू नये. तिचे तंतू जाड, कुसळासारखे असतात आणि जुन्या सुती कापडाला आतून भोकं पाडतात. तुटलेला टाका सुती दोऱ्यानेच घ्यावा. नायलॉनचा दोरा कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की दोरा राहतो आणि कापड फाटतं.

तिन्ही उंचींत १० सेंटिमीटरचा नग सहज आणि स्वस्त मिळतो, पण त्यात डोळे अंगाच्या मानाने फार मोठे वाटतात आणि ठिपक्यांना जागा कमी पडते. २२ चा रुबाबदार आहे, कारागिरी त्यात सगळ्यांत मोकळी दिसते. किंमतही तशीच, आणि पोटात वूडवूल जास्त असल्याने पावसाळ्यात त्याला वाळायला वेळ लागतो. एकच घ्यायचा असेल तर १४ चा, उठावाच्या अक्षरांचं बटण असलेला, छातीचं लेबल नसलं तरी चालेल असा घ्या. आणि मागवायचा तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्ये, म्हणजे इथली हवा कोरडी आणि थंड असताना तो दोन-तीन महिने कपाटात स्थिरावेल आणि कूलर सुरू होण्याआधी त्याची मान, डोळे, शिवण सगळं एकदा निवांत तपासून होईल.